परिचारिकेची पदवी आणि तिचा हुद्दा

खटाव आणि माण हे सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन अवर्षणप्रवण तालुके. बारावीचा निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यांत ह्या तालुक्यांतील घरांमध्ये मुलीच्या पुढील शिक्षणाची जी बोलणी चालतात, त्यांत ‘नर्सिंग’ हा शब्द आज ज्या सहजपणाने उच्चारला जातो, तो सहजपणा दोन पिढ्यांपूर्वीच्या वडूजकराला खरा वाटला नसता. येरळेकाठचे वडूज हे खटाव तालुक्याचे गाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते ९ सप्टेंबर १९४२ रोजी तेथील कचेरीवर निघालेल्या मोर्च्यामुळे आणि त्या दिवशी गोळीबारात धारातीर्थी पडलेल्या परशुराम घार्गे व त्यांच्या सोबत्यांमुळे. परंतु आसपासच्या खेड्यांचा नित्याचा इतिहास म्हणजे पावसाने दिलेली हुलकावणी, मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडीच्या कामात खपलेल्या पिढ्या व सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी हिंदुस्थानभर पांगलेली माणसे, हाच होय. पुरुषाने गाव सोडून पोट भरावे हा येथला जुना शिरस्ता. मुलीने कऱ्हाड, सातारा, मिरज, सांगली किंवा पाचगणी येथे वसतिगृहात राहून परिचर्येचे शिक्षण घ्यावे आणि घराला हातभार लावावा, हा नवा.

ह्या नव्या शिरस्त्याविषयी जे बोलले जाते ते बहुतेक पालकांच्या बाजूने बोलले जाते. नोकरी लवकर लागते, सरकारी मिळाली तर जन्माची सोय होते, खाजगी मिळाली तरी हात रिकामे राहत नाहीत, हा तो हिशेब. आणि दुष्काळी मुलखातील बापाने तो मांडला तर त्याला नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही. पण चार वर्षे शरीररचनेपासून मानसशास्त्रापर्यंतचे विषय अभ्यासून, शेकडो रुग्णांच्या उशाशी उभी राहून, विद्यापीठाची पदवी हाती घेऊन जी मुलगी बाहेर पडते, ती स्वतः आपल्या व्यवसायाकडे कोणत्या दृष्टीने पाहते, हे तिला विचारणारे लोक फार थोडे. अशा पदवीधर परिचारिकांशी जेव्हा जेव्हा बोलण्याचा प्रसंग आला, तेव्हा माझी एक समजूत पक्की होत गेली. ह्या मुली आपल्या व्यवसायाला मुळीच कमी लेखीत नाहीत. त्याचे मोल त्यांना आपल्यापेक्षा पुष्कळच अचूक कळलेले असते. त्यांच्या मनात जो सल असतो तो त्या व्यवसायाच्या आचरणाची जी व्यवस्था आपण लावून ठेवली आहे तिच्याविषयीचा. आणि हा भेद ध्यानात न घेता त्यांच्या ‘सेवावृत्ती’चे गोडवे गाणारा समाज त्यांच्यावर नकळत अन्यायच करीत असतो.

ह्या अन्यायाची मुळे जुनी आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत, ते वैद्य, औषधिद्रव्य, परिचारक आणि रोगी असे. आणि परिचारकाच्या ठायी जे चार गुण अपेक्षिले आहेत त्यांत उपचाराचे ज्ञान हा पहिला असून दक्षता, रोग्याविषयीची आस्था आणि शुचिता हे त्याच्या जोडीला येतात. म्हणजे आपल्याच परंपरेने एके काळी परिचारकाला जाणता म्हणून गणले होते. पुढे मात्र रक्त, मल, मूत्र आणि प्रसूती यांच्याशी येणारा संबंध अमंगल ठरला, बाळंतिणीची खोली विटाळाची ठरली, आणि ते सगळे काम ज्यांना समाजाने खालच्या पायरीवर बसविले होते त्या सुइणींच्या आणि दायांच्या वाट्याला लोटले गेले. आधुनिक इस्पितळे आली तेव्हा ह्या जुन्या किळसेत दोन नव्या शंकांची भर पडली : परपुरुषाच्या अंगाला स्पर्श आणि रात्रीची पाळी. घरंदाज म्हणविणाऱ्या कुटुंबांनी आपल्या मुलींना ह्या कामापासून दूर ठेवले ते ह्या शंकांपायीच.

ज्यांनी ही कोंडी फोडली त्यांतल्या दोघीजणी आपल्याच परिसरातल्या, आणि त्यांच्या नावांचा उच्चार येथे अगत्याने केला पाहिजे. खंडाळा तालुक्यातील नायगावच्या सावित्रीबाई फुले यांना आपण आद्य शिक्षिका म्हणून वंदन करतो. परंतु १८९७ च्या प्लेगात, पुण्याजवळ पुत्र यशवंत यांनी चालविलेल्या उपचारकेंद्रात रुग्णांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने त्यांना गाठले व १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला, हे स्मरताना त्या परिचारिकाही होत्या हे सांगावयास आपण विसरतो. दुसऱ्या रमाबाई रानडे. त्यांचा जन्म देवराष्ट्र्याचा. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाच्या द्वारे त्यांनी स्त्रियांना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यास प्रवृत्त केले, आणि त्या काळच्या पुण्यात हे पाऊल टाकणे म्हणजे घरोघरच्या रोषाला तोंड देणे होते. परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ च्या सुमारास शिक्षणासाठी आलेली पहिली भारतीय स्त्री म्हणून बाई काशीबाई गणपत यांचे नाव आढळते. इकडे दक्षिणेस मिरजेत ख्रिस्ती मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इस्पितळ उभे केले व त्यापाठोपाठ तेथेच परिचर्येचे शिक्षणही सुरू झाले. ह्या मिशनच्या शाळांतून तयार झालेल्या ख्रिस्ती मराठी मुलींनी, आणि पुढे केरळातून आलेल्या मुलींनी, दक्षिण महाराष्ट्रातील कितीएक इस्पितळांच्या रात्री जागून काढल्या. बाकीचा समाज अंगाला अंग लागू न देता लांब उभा होता तेव्हा त्यांनी हे काम केले, आणि त्या ऋणाची जाहीर नोंद आपण अद्याप पुरेशी केलेली नाही.

अशा दुराव्याचा परिणाम काय झाला हे १९४६ च्या भोर समितीच्या अहवालावरून कळते : त्या वेळच्या हिंदुस्थानात सुमारे ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका होती. त्याच वर्षी दिल्लीस आणि वेल्लोरला परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये काढले. आणि १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर ह्या शिक्षणाचा विस्तार जिल्ह्याजिल्ह्यांतून झाला.

आता ह्या पदवीत शिकवितात तरी काय, हे सामान्य वाचकाला ठाऊक असत नाही. इंजेक्शन देणे, सलाईन लावणे, पट्टी बांधणे आणि अंथरूण घालणे एवढ्याने ती पुरी होते असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः तीत शरीरक्रियाशास्त्र आहे, सूक्ष्मजीवशास्त्र आहे, औषधशास्त्र आणि आहारशास्त्र आहे. समाजशास्त्र व मानसशास्त्र आहे. बालकांची, बाळंतिणींची, मनोरुग्णांची आणि गावातल्या निरोगी माणसांचीही परिचर्या आहे. संशोधनाची पद्धती आणि संख्याशास्त्र आहे. प्रत्येक विद्यार्थिनीला रुग्ण नेमून दिला जातो, आणि त्याची स्थिती स्वतः पाहून, त्याला कोणता त्रास आहे व कोणता होऊ घातला आहे हे ठरवून, त्यासाठी आपण काय करणार आणि त्याचा परिणाम कसा मोजणार, हे तिने लिहून काढावयाचे असते. त्या लेखाला परिचर्या-नियोजन म्हणतात. डॉक्टर रोगाचे निदान करतो. परिचारिका त्या रोगाने ग्रासलेल्या माणसाच्या अवस्थेचे निदान करते. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या मेंदूत गुठळी कोठे झाली हे डॉक्टरचे शास्त्र; तिला गिळता येते की घास श्वासनलिकेत जाईल, तिच्या माकडहाडावरची कातडी लाल होऊ लागली आहे काय, ती बोलत नाही ते वाचा गेल्यामुळे की मन खचल्यामुळे, हे पाहणे परिचारिकेचे शास्त्र. दोन्हींपैकी एक चुकले तरी म्हातारी दगावते.

शिक्षणाच्या आरंभी महाविद्यालयांतून दीपप्रज्वलनाचा समारंभ होतो. पांढऱ्या वेषातील मुली हाती दिवे घेऊन फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिच्या नावाची प्रतिज्ञा घेतात, आणि वडूज-दहिवडीकडून आलेले आईबाप डोळे भरून तो सोहळा पाहतात. ती प्रतिज्ञा नाइटिंगेलने लिहिलेली नाही. ती १८९३ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी लिस्ट्रा ग्रेटर यांच्या नेतृत्वाखालील मंडळाने तयार केली. हे सांगण्याचा हेतू समारंभाचे पावित्र्य उणे करण्याचा नव्हे. परंतु दिवा घेऊन रात्री फिरणारी करुणामूर्ती एवढेच चित्र आपल्या मनावर ठसले, आणि क्रिमियन युद्धातील सैनिक जखमांपेक्षा इस्पितळातल्या घाणीने व साथीच्या रोगांनी अधिक मरतात हे आकडे मांडून, आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरविणारी, आणि १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र-संस्थेने सभासद म्हणून निवडलेली पहिली स्त्री, हे त्याच बाईचे दुसरे रूप आपल्यापुढे आलेच नाही. नव्या पदवीधर मुलींना हे दुसरे रूप ठाऊक असते. आणि माझ्या मते त्यांच्या मनातील परिचारिकेची मूर्ती ह्या दुसऱ्या रूपाच्या अधिक जवळची आहे.

ही मूर्ती घेऊन ती मुलगी नोकरीवर रुजू होते, आणि पहिल्या वर्षातच तिला जो धक्का बसतो त्याचा अभ्यास मार्लिन क्रेमर ह्या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेने १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला आहे. शाळेत शिकविलेली मूल्ये आणि वॉर्डातला व्यवहार ह्यांत सापडलेल्या नवपदवीधर परिचारिका कशा गोंधळतात, काही मूल्ये सोडतात, काही नोकरी सोडतात आणि थोड्या दोहोंचा मेळ घालतात, ह्याचे ते विवेचन. ते लिहिले गेले दूर देशातील श्रीमंत इस्पितळांविषयी. आपल्याकडे तो धक्का कोणत्या आकाराचा असेल हे समजून घेण्यासाठी एक साधा हिशेब मांडून पाहावा.

वडूजला ग्रामीण रुग्णालय आहे, आणि महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालय म्हणजे सामान्यतः ३० खाटांचे इस्पितळ. एवढ्या खाटांच्या केंद्रासाठी केंद्र सरकारच्या २०१२ च्या मानकांनी १० परिचारिका आवश्यक धरल्या होत्या. दिवसाच्या तीन पाळ्या, म्हणजे आठवड्याच्या २१. दहाजणींच्या आठवड्याच्या सुट्या वजा जाता ६० हजेऱ्या. म्हणजे सर्व पदे भरलेली असली, कोणी आजारी पडले नाही, कोणी बाळंतपणाच्या रजेवर गेले नाही, कोणाला प्रशिक्षणास धाडले नाही, तरीही एका पाळीस पुरत्या तिघी भरत नाहीत. प्रत्यक्षात रात्रपाळीला दोघी मिळाल्या तर ते भाग्य समजावयाचे, आणि पदे रिक्त असली तर एकटीच. त्या एकटीच्या हाती प्रसूतिकक्ष, वॉर्ड आणि दारात येऊन थांबणारी १०८ ची गाडी, ही तिन्ही एकाच वेळी.

आता त्या रात्रीत काय काय घडू शकते ते पाहा. एक बाळंतीण मोकळी झाली आहे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन तासांत दर पंधरा मिनिटांनी तिची नाडी, रक्तदाब व रक्तस्राव पाहावयाचा आणि पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे की सैल पडले आहे हे चाचपावयाचे. कारण सैल पडलेल्या गर्भाशयातून होणारा रक्तस्राव तास-दोन तासांत बाईचा प्राण घेतो, आणि नाडी वेगाने धावू लागते ती रक्तदाब उतरण्याच्या आधी. इतक्यात शेतात पाणी धरणारा एखादा गडी सर्पदंश होऊन येतो. त्याचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे मुळीच न हलविता ठेवावयाचे; वीस मिनिटांनी नळी कलती केल्यावर ते गोठलेले नसेल तर घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती हरपली आहे असे समजून प्रतिविष सुरू करावे लागते; आणि प्रतिविष शिरेतून जात असता अंगावर गांधी उठतात काय, श्वास कोंडतो काय, रक्तदाब घसरतो काय, ह्यावर डोळा ठेवून ॲड्रिनलिनची सिरिंज हाताशी सज्ज ठेवावी लागते. उपचाराचा आदेश डॉक्टरचा असतो, हे खरेच. पण ती पंधरा मिनिटे आणि ती वीस मिनिटे परिचारिकेची असतात, आणि त्या अवधीत काय दिसले हे जिला ओळखता आले नाही तिच्यापाशी डॉक्टरचा आदेश वेळेवर पोचणारच नाही. त्याच घटकेला वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाकडून कोणी हाक मारीत असते, ‘ओ सिस्टर, सलाईन संपत आलंय, बघा की जरा!’

ह्या सगळ्यावर कागदांचा भार येतो तो निराळाच. प्रसूतीची नोंदवही, औषधसाठ्याची नोंदवही, चादरी-घोंगड्यांचा आणि डेडस्टॉकचा हिशेब, संगणकावर भरावयाची माहिती, शिबिरांचे अहवाल. पदवीधर परिचारिकांच्या बोलण्यात काम जास्त असल्याची तक्रार असते. पण तिच्याहून अधिक वारंवार येते ते गाऱ्हाणे असे की, ज्यासाठी आपण शिकलो ते काम करावयास वेळ उरत नाही, आणि जे कोणा लेखनिकाने करावे ते करण्यात पाळी संपते. परिचर्या-नियोजनाचा जो लेख विद्यार्थिदशेत त्यांनी रात्र रात्र जागून लिहिला, त्याचा कागदच पुष्कळ ठिकाणी केसपेपरात असत नाही. काय पाहिले ते त्या तोंडी सांगतात. डॉक्टर त्यावर औषध बदलतात. नोंद राहते ती औषधाची. पाहणारीचे पाहणे कोठेच उरत नाही. इझाबेल मेन्झीस ह्या विदुषीने १९६० साली लंडनच्या एका इस्पितळाचा अभ्यास करून असे दाखविले होते की, परिचारिकेचे काम बारीक बारीक तुकड्यांत वाटून टाकणे, निर्णय वरच्याकडे ढकलणे आणि रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने ओळखणे, ह्या रीती यातना व मृत्यू यांच्या नित्य सहवासातील भीती दूर ठेवण्यासाठी इस्पितळांनी नकळत स्वीकारलेल्या असतात. परंतु त्यामुळे भीती तर जात नाहीच, उलट कामातले समाधान मात्र जाते आणि हुशार मुली आधी सोडून जातात. आपल्या तालुक्याच्या इस्पितळाला हे वर्णन परके वाटू नये.

परिचारिकेच्या ज्ञानाने रुग्णाच्या जीवितावर प्रत्यक्ष फरक पडतो काय, असे कोणी विचारील, तर त्याचेही उत्तर आता अनुमानावर सोडण्याचे कारण उरलेले नाही. लिंडा एकेन ह्या संशोधिकेने व तिच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्याच्या १६८ इस्पितळांतील शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांच्या आत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते असे आढळले. २०१४ साली युरोपातील नऊ देशांच्या ३०० इस्पितळांतील चार लाखांहून अधिक रुग्णांचा त्यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला, आणि त्यात हाच निष्कर्ष पुन्हा निघून त्याला आणखी एक जोड मिळाली : पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले तेथे मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी घटलेली होती. ते देश निराळे, त्यांची इस्पितळे निराळी, हे मान्य करूनही एवढे म्हणता येते की, परिचारिका किती आहेत आणि त्या काय शिकल्या आहेत ह्या दोन्ही गोष्टी जीवनमरणाच्या आहेत.

दूर देशीचे दाखले सोडून एक आपलाच दाखला घेतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्याच आवारात तेथील एका सफाई कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने त्यांचे उर्वरित आयुष्य अंथरुणावर गेले, आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, के. ई. एम.च्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची शुश्रूषा केली. ज्यांनी अरुणाताईंना चालताबोलताना कधी पाहिलेही नव्हते अशा नव्या मुलींनी तो वारसा उचलला. महापालिकेने त्यांना तेथून हलविण्याचा विचार केला तेव्हा परिचारिकांनी विरोध केला. आणि त्यांच्या दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात रुग्णालयातील सेवकवर्गालाच त्यांचे खरे निकटचे आप्त मानून त्यांचे म्हणणे ग्राह्य धरले व त्यांच्या शुश्रूषेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. वृत्तपत्रांनी ह्याला माया म्हटले, त्याग म्हटले. ते खोटे नव्हते. परंतु जे माणूस स्वतः कूस बदलू शकत नाही त्याच्या पाठीवर चार दशके शय्याव्रण होऊ न देणे हे नुसत्या मायेने साधत नाही. दर काही तासांनी कूस बदलणे, दाबाच्या जागा ओळखणे, कातडी कोरडी ठेवणे, अन्न फुप्फुसात जाऊ न देता भरविणे, सांधे आखडू न देणे, हे शास्त्र आहे, आणि ते रात्रंदिवस, कोणी पाहत नसताना अचूक पाळावे लागते. त्यातील माया आपण पाहिली आणि विद्या पाहिली नाही. ह्या एकाच घटनेत परिचारिकेच्या व्यवसायाचे उत्तमोत्तम आणि तिच्या नोकरीचे विदारक असे दोन्ही आहे, कारण जिची एवढी शुश्रूषा झाली तिच्यावरचा घाला कामाच्या जागीच पडला होता. आणि हल्ल्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी जो संप केला त्यात त्यांनी स्वतःच्या कामाच्या परिस्थितीविषयीही दाद मागितली होती.

पैशाची बाजू सांगितल्यावाचून हे चित्र पुरे होणार नाही. शासकीय सेवेतील अधिपरिचारिकेचे, म्हणजे स्टाफ नर्सचे, वेतन आज मध्यमवर्गीय घर चालविण्याजोगे आहे, आणि त्यामुळे लग्नाच्या बाजारात एके काळी जी अडचण समजली जाई ती नोकरी आता स्थळ पाहताना मुद्दाम सांगितली जाते. परंतु शासकीय जागा थोड्या. उरलेल्या मुली कंत्राटी नेमणुकीवर किंवा खाजगी इस्पितळांत जातात. परिचारिकांच्या अखिल भारतीय संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिलेल्या निर्देशानुसार केंद्राने समिती नेमली. तिने २०० खाटांवरील खाजगी इस्पितळांत शासकीय सेवेइतके वेतन असावे आणि ५० खाटांहून लहान इस्पितळांतही ते दरमहा २०,००० रुपयांहून कमी नसावे, अशी शिफारस केली. शिफारस ती शिफारस. तालुक्याच्या गावी किती लहान इस्पितळे ती पाळतात हे वाचकांनी आपल्या ओळखीतल्या एखाद्या परिचारिकेला विचारून पाहावे. २०२२ च्या मे महिन्यात बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीविरुद्ध राज्यातील शासकीय परिचारिकांना संपावर जावे लागले. ह्या परिस्थितीत परदेशाची वाट धरावीशी वाटली तर नवल नाही, आणि आता ती वाट शासनानेच रुंद केली आहे : २०२४ साली महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा जो करार केला त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. मुलींनी अवश्य जावे. जगाला त्यांची गरज आहे, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे पृथ्वीवर ५९ लाख परिचारिकांची उणीव होती. पण जी मुलगी माणच्या माळावरून निघून परक्या भाषेत परिचर्या करावयास तयार होते, तिला आपल्या भाषेतल्या रुग्णांपाशी थांबावेसे वाटावे इतके तरी आपण करावयास हवे होते.

पदवीधरांची आणखी एक व्यथा मी न्याय्य मानतो, पण तिच्या पुढील निष्कर्षाशी मात्र पूर्ण सहमत नाही. चार वर्षांची पदवी आणि तीन वर्षांची पदविका घेतलेल्या दोघीही अधिपरिचारिकेच्या एकाच हुद्द्यावर, एकाच वेतनावर रुजू होतात; तेव्हा अधिक शिकून काय मिळविले, असे पदवीधर मुलीला वाटते. हुद्द्याची उतरंड नव्याने आखली जावी, हे खरे. परंतु वॉर्डात पाऊल टाकलेल्या नव्या पदवीधरेला बिकट प्रसंगी हात धरून शिकविते ती बहुधा पंचवीस वर्षे सेवा झालेली पदविकाधारक परिसेविकाच, म्हणजे वॉर्डची प्रमुख परिचारिकाच, असते. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली आपल्या ग्रंथात हेच सविस्तर मांडले की, नवशिक्या परिचारिकेला नियम आठवावा लागतो, तर मुरलेल्या परिचारिकेला रुग्णाकडे पाहताच काहीतरी बिघडते आहे हे उमगते, आणि हे उमगणे वर्षानुवर्षांच्या अनुभवातूनच येते. ज्या इस्पितळात जुनीचा अनुभव आणि नवीची विद्या एकमेकींना मान देतात तेथे रुग्ण सुरक्षित असतो. हे अनेक वॉर्डांतून घडताना दिसतेही.

१९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आणलेला राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा २०२३ साली संसदेने केला. त्यातून परिचारिकेच्या शिक्षणाचे नियमन सुधारेल, अशी आशा धरावयास जागा आहे. तथापि आपल्या निरीक्षणाची स्वतंत्र नोंद केसपेपरावर करण्याचा अधिकार, लेखनिकाच्या कामातून सुटका आणि रात्रपाळीला पुरेशा सोबतिणी ह्या तीन गोष्टी कायद्याच्या पुस्तकातून आपोआप वॉर्डात उतरत नाहीत. त्यांसाठी गावाने विचारणा करावी लागते, आणि तशी सोयही आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. रस्ता, पाणी, दिवाबत्ती यांविषयी आपण जशी निवेदने देतो तशीच तिला आणि आपल्या लोकप्रतिनिधींना विचारणा करावी की आमच्या इस्पितळात परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि काल रात्री ड्युटीवर कितीजणी होत्या. आपले माणूस इस्पितळात असताना परिचारिकेला नावाने हाक मारावी, आणि ‘सलाईन संपले’ एवढेच सांगून न थांबता तिने रुग्णात आज काय पाहिले तेही तिला विचारावे. तिला ते सांगता येते. चार वर्षे ती तेच शिकली आहे.